प्रतिवादी क्रमांक चार-अ

कल्याणजवळच्या मलंगगडावरच्या दर्ग्याचा कारभार कोणी पाहायचा, हा वाद १८१७ साली चिठ्ठ्या टाकून मिटवण्यात आला. एका बाजूला कल्याणच्या काशिनाथपंत केतकरांचे वारस, दुसऱ्या बाजूला कल्याणातले मुसलमान. इंग्रज कल्याण सोडून गेले तेव्हा पेशव्यांनी काशिनाथपंतांच्या हाती पिरासाठी भरजरी, मोत्यांची झालर लावलेली चादर पाठवली, अशी हकिगत ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये आहे. पंतांनी मग तिथली डागडुजी केली आणि वहिवाट त्यांच्या घराण्याकडे राहिली. ब्राह्मणाने दर्गा का सांभाळायचा, या तक्रारीवर तोड निघाली ती अशी, की पिराचीच मर्जी विचारावी. तीनदा चिठ्ठ्या टाकल्या आणि तिन्ही वेळा कौल केतकरांकडे गेला.

निवाडा कसाही वाटो, एक गोष्ट त्या मंडळींनी अचूक हेरली होती. भांडणारे दोन असले तरी निकाल ज्याला लागू होणार तो तिसराच होता, आणि त्याला विचारल्याशिवाय वाद मिटला असं म्हणायची कोणाची तयारी नव्हती.

त्या काळाच्या न्यायात तिसऱ्याला वेगळं आवतण धाडावं लागत नसे, तो आधीच येऊन बसलेला असे. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार असा सारा गोतावळा हजर राही. वादी आणि प्रतिवादी निकाल मान्य असल्याचा राजीनामा लिहून देत, जामीन देत, आणि शेवटी होणाऱ्या महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, हजर असलेल्यांची नावं पडत. ज्याला लिहिता येत नसे तो निशाणी करी, कुणब्याची निशाणी म्हणजे नांगर. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा आपला ग्रंथ १९५३ साली अशाच कागदांच्या आधारे सिद्ध केला. या पद्धतीचे गोडवे गाण्यात मात्र अर्थ नाही. सभेत कोणी बसायचं आणि कोणी बाहेर उभं राहायचं हे जात ठरवत होती, आणि बायकांचा हक्क बहुधा त्यांच्या वतीने दुसरंच कोणी बोलून दाखवी.

इंग्रजी कोर्टाने ही बैठक मोडली आणि कागदाच्या माथ्यावर दोनच रकाने ठेवले, वादी आणि प्रतिवादी. पण हिंदुस्थानातल्या जमिनीचे, वतनांचे, एकत्र कुटुंबांचे तंटे दोन रकान्यांत मावेनात, हे लवकरच ध्यानात आलं असावं. १८५९ च्या पहिल्या दिवाणी संहितेतच कलम ७३ आलं. दाव्याच्या विषयात ज्याचा वाटा किंवा हितसंबंध आहे आणि निकालाची झळ ज्याला पोचू शकते, अशा माणसाला सुनावणीच्या वेळीही पक्षकार करून घेण्याचा अधिकार त्या कलमाने कोर्टाला दिला. १८७७ आणि १८८२ च्या संहितांत तीच तरतूद कलम ३२ म्हणून राहिली आणि १९०८ च्या संहितेत ती पहिल्या आदेशाचा दहावा नियम झाली. ठाणे-कल्याणच्या वकिलांच्या तोंडी तिचं नाव ‘ऑर्डर वन रूल टेन’. त्या नियमाखाली अर्ज पडला, की समोरचा वकील ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, द्यायला तारीख मागतो, आणि दावा तेवढ्यापुरता थांबतो.

अर्ज मंजूर झाला की दुरुस्ती होते. दाव्याच्या मूळ कागदावर लाल शाईने नवं नाव चढतं, समासात वकिलाची सही आणि तारीख पडते. आधीचे आकडे तसेच ठेवून नवा माणूस ‘प्रतिवादी क्रमांक ४-अ’ होतो. त्याला समन्स जातं, तो वकालतनामा लावतो, कैफियत देतो. मुदतीच्या कायद्याच्या कलम २१ नुसार त्याच्यापुरता दावा सुरू होतो तो त्याचं नाव आलं त्या दिवसापासून. म्हणजे मूळ दावा मुदतीत दाखल झालेला असला तरी चार-अ विरुद्ध तो मुदतबाह्य ठरू शकतो. जुने वकील पहिल्याच भेटीत अशिलाला सात-बाराच्या ‘इतर अधिकार’ रकान्यातली नावं मोठ्याने वाचायला लावतात, ते याच धास्तीने.

दाव्याच्या रकान्यांबाहेर सर्वांत जास्त काळ ज्या राहिल्या, त्या बहिणी. वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार आवश्यक पक्षकार असतात. एक जरी सुटला तरी दावा बुडू शकतो, आणि १९७६ च्या दुरुस्तीने ही गोष्ट पहिल्या आदेशाच्या नवव्या नियमात परंतुक घालून स्पष्टच केली. तरी ‘तिचं लग्नात दिलं’ या समजुतीवर भावाभावांत वाटण्या उरकल्या जात. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत हिस्सेदार, केलं, केंद्राने २००५ साली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. डोंबिवलीच्या आसपासच्या गावांत भाताची खाचरं एव्हाना टॉवरच्या भावाला पोचली होती. हक्कसोडपत्रावर सही न केलेली बहीण अशा जमिनीत एकाएकी सर्वांत महत्त्वाची व्यक्ती ठरते, आणि बिल्डरचा वकील तिचा पत्ता शोधत फिरतो.

माणसाचा पत्ता निदान शोधता तरी येतो. देवाचं काय करायचं? कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात कुळदेवतेची मूर्ती कोणाच्या घरी न्यायची यावरून वाद झाला आणि १९२५ साली तो लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. तिथल्या न्यायाधीशांनी म्हटलं, की मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे, तिचीही इच्छा असते, तेव्हा तिच्या वतीने बोलायला वादात हितसंबंध नसलेला एक माणूस नेमा. घरातल्या बायकाही त्या पूजेत सामील आहेत, त्यांनाही दाव्यात आणा. मलंगगडाच्या चिठ्ठ्यांनंतर शंभरावर वर्षांनी इंग्रजी न्यायासनही साधारण त्याच ठिकाणी येऊन पोचलं, फक्त कौल लावण्याऐवजी त्याने वकील दिला.

मलंगगडाचं प्रकरण चिठ्ठ्यांनी संपलं नाहीच. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेलं. या स्थानाला ना हिंदू कायदा पुरा लागू होतो ना मुसलमानी. त्याचा कारभार त्याच्या स्वतःच्या रूढीने किंवा न्यासाच्या सर्वसाधारण कायद्याने चालावा, असं न्यायालयाने नोंदवलं. १९६८ साली केतकर पुन्हा तिथेच होते, या खेपेला जमीन खासगी की दर्ग्याची या प्रश्नावर, आणि ते हरले. ज्याच्या हाती कागद आहेत त्याने ते पुढे केले नाहीत तर शाबितीचा भार त्याच्यावर नसला तरी न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं, हे त्या निकालातलं तत्त्व आजही कोर्टाकोर्टांत सांगितलं जातं. माघी पौर्णिमेच्या उरुसाला चढणारे भाविक मात्र यातल्या कुठल्याच दाव्याच्या माथ्यावर मावणारे नव्हते. अशांसाठी संहितेच्या कलम ९२ ने वेगळी वाट ठेवली. हितसंबंध असलेल्या दोघांनी अॅडव्होकेट जनरलच्या संमतीने सगळ्यांच्या वतीने दावा लावायचा. १९५० च्या न्यास कायद्यानंतर इकडे संमतीचं ते काम धर्मादाय आयुक्तांकडे आलं.

स्वातंत्र्यानंतर तिसऱ्यासाठीचा हा दरवाजा हळूहळू अरुंद होत गेला. १९५८ च्या रझिया बेगम खटल्यात, हैदराबादच्या एका शहजाद्याच्या लग्नाचा प्रश्न होता म्हणून, दुसऱ्या बेगमला आणि तिच्या मुलाला आत घेतलं गेलं. पण त्याच निकालात मालमत्तेच्या दाव्यांसाठी नियम सांगितला गेला: हितसंबंध थेट हवा, निव्वळ व्यापारी चालणार नाही. मुंबईतल्या एका पेट्रोल पंपावरच्या बांधकामाला पालिकेने नोटीस दिली, तेव्हा दाव्यात शिरू पाहणाऱ्या हिंदुस्थान पेट्रोलियमला १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने बाहेरच ठेवलं. ज्याच्याजवळ उपयोगी पुरावा आहे तो साक्षीदार होऊ शकतो, त्याला पक्षकार करण्याची गरज नाही. २०१० साली तर मुंबई विमानतळ चालवणाऱ्या कंपनीलाच, विमानतळालगतच्या जमिनीच्या दाव्यात, हाच नकार मिळाला. वादी हा दाव्याचा धनी आहे, त्याला नको असलेला प्रतिस्पर्धी त्याच्या गळ्यात मारता येत नाही, असं सूत्र. कायदा म्हणून ते नेटकं आहे. पण १८५९ च्या कलमात निकालाची झळ पोचणाऱ्याला जी जागा होती, ती यात बरीच आक्रसली, हे नाकारता येत नाही.

ही आक्रसलेली जागा जवळच पाहायला मिळते. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ची, कल्याणची बरोबर एका वर्षाने लहान. दोन्हींच्या हद्दीत बेकायदा बांधकामांचे दावे तेव्हापासून ठरीव साच्याचे: वादी बिल्डर किंवा जमीनमालक, प्रतिवादी महापालिका, मागणी मनाई हुकुमाची. घर घेतलेली कुटुंबं त्या कागदावर नसतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. खोट्या परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवलेल्या या इमारती होत्या आणि प्रकरण जनहित याचिकेचं होतं. रहिवासी धावाधाव करून कोर्टात गेले ते आदेश झाल्यावर.

पैसे परत मागायला त्यांनी बिल्डरविरुद्ध नवा दावा लावला, तर तिथे तिसऱ्याला ओढून आणण्याची पाळी बिल्डरवर येते. प्रतिवादीनेच ‘माझी भरपाई अमुक देणं लागतो’ म्हणून बाहेरच्या माणसाला नोटीस द्यायची ही तऱ्हा इंग्लंडमध्ये १८७५ च्या न्यायव्यवस्था सुधारणांबरोबर रुळली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेच्या नियमांतही तिला जागा आहे. खालच्या दिवाणी कोर्टात वकील बहुधा दहाव्या नियमाचा आधार घेतात. बिल्डर जमीनमालकाकडे बोट दाखवतो, जमीनमालक कुलमुखत्याराकडे, कुलमुखत्यार नकाशे आणून देणाऱ्या एजंटाकडे, आणि एजंट बहुधा समन्सच्या पत्त्यावर सापडत नाही.