शालान्त वर्गातील काव्यसत्र आणि देवळातील पोथी

शाळेच्या शेवटच्या वर्गाला एका सत्रात कोणते साहित्य शिकवावे, किती शिकवावे आणि कोणत्या क्रमाने शिकवावे, हा प्रश्न वरवर पाहता वेळापत्रकाचा वाटतो. मुख्याध्यापकांनी तासिका मोजाव्या, शिक्षकांनी धडे वाटून घ्यावे आणि विषय मिटावा. परंतु मराठीपुरते बोलावयाचे तर ह्या प्रश्नामागे सुमारे एकशेसत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात सरकारी विद्याखात्याइतकाच देवळाच्या सभामंडपाचाही वाटा आहे. पहिला वाटा सर्वांना ठाऊक असतो. दुसरा सहसा कोणी हिशेबात धरीत नाही.

परशुरामपंत तात्या गोडबोले (१७९९–१८७४) हे सरकारी शालेय पुस्तकांच्या कामात मेजर कँडी ह्यांच्या हाताखाली होते. त्यांनी जुन्या मराठी कवींच्या काव्यांतून निवडक उतारे काढून ‘नवनीत अथवा मराठी कवितांचे वेंचे’ हा ग्रंथ सिद्ध केला व तो १८५४ साली प्रसिद्ध झाला. आज अशा संग्रहाचे आपणांस काहीच अप्रूप वाटत नाही. पण त्या काळी मराठी कविता बहुतांशी हस्तलिखित बाडांत, मठांत, हरिदासांच्या दप्तरांत आणि लोकांच्या मुखी होती. ती सर्व घुसळून ज्ञानेश्वरांपासून मोरोपंतांपर्यंतचे लोणी एका पुस्तकात काढावयाचे, म्हणजे शाळेत शिकविण्याजोगे मराठी काव्य कोणते ह्याचा पहिला निवाडा करावयाचा होता. गोडबोल्यांनी तो केला आणि पुढे कित्येक पिढ्यांनी तो जवळजवळ जसाच्या तसा मान्य केला. पुढील संपादकांनी आवृत्तीमागून आवृत्ती काढली, टीपा वाढविल्या. परंतु एखादा कवी शाळेत शिकवावा की नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा तो ‘नवनीता’त आहे की नाही ह्यावर ठरे.

ह्या पुस्तकाच्या यशाचे श्रेय निवडीला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. तरी एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे असे मला वाटते. ज्या मुलांच्या हाती हे वेंचे पडले त्यांतील बऱ्याच जणांनी ते काव्य डोळ्यांनी वाचण्यापूर्वी कानांनी ऐकलेले होते. महाराष्ट्रात व गोमंतकात पिढ्यान्‌पिढ्या शाळा जूनमध्ये उघडत आणि पहिले सत्र दिवाळीपर्यंत चाले. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास नेमका ह्याच काळातला. आभाळ भरून आलेले, शेतीची पहिली घाई ओसरलेली, आणि तिन्हीसांजेला देवळात समईपुढे पोथी उघडलेली! श्रीधराचा ‘हरिविजय’ (१७०२) छत्तीस अध्यायांचा, ‘रामविजय’ (१७०३) चाळीस अध्यायांचा, ‘पांडवप्रताप’ (१७१२) चौसष्ट अध्यायांचा. एका अध्यायास दोन-तीन रात्री दिल्या की चार महिन्यांत एक ग्रंथ निवांतपणे तडीस जातो. (मध्ये अधिक मास आला तर पुराणिकबोवांना आणखी एक महिना मिळतो, शाळेच्या अभ्यासक्रमाला असा अधिक मास कोणत्याही पंचांगात सापडत नाही.) सकाळी वर्गात श्रीधराच्या साठ-सत्तर ओव्या शिकणारा मुलगा रात्री त्याच कवीचा अखंड प्रवाह ऐकत असे. कथा कोठून आली, पुढे काय होणार, हे त्याला शिक्षकाने सांगावे लागत नसे. वेंचा त्याच्या दृष्टीने तुकडा नव्हता. ओळखीच्या घराची ती एक खिडकी होती.

हे चित्र सर्वांचे होते असे मात्र कोणी समजू नये. ज्यांना सभामंडपाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्या मुलांना हा शेजार मिळाला नाही, आणि मुलींच्या वाट्याला पोथी आली तरी वर्ग फार उशिरा आला. त्या मुलांपैकी जी शाळेत पोहोचली, त्यांच्यासाठी छापील वेंचा हीच पहिली पोथी होती. शाळेचे हे ऋण देवळाच्या अभिमान्यांनीही मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

पुढे १८५७ साली मुंबई विश्वविद्यालय स्थापन झाले आणि १८५९ साली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, सुरू झाली. पहिल्याच वर्षी उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. परंतु लवकरच, १८६० च्या दशकात, विश्वविद्यालयाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा वगळण्यात आल्या व संस्कृतादी अभिजात भाषांना ते स्थान मिळाले. ह्याचा परिणाम शाळेच्या शेवटच्या वर्गावर झाल्यावाचून राहिला नाही. वरच्या मजल्यावर ज्या भाषेला खोली नाही, तिच्यासाठी जिना कोण बांधील? मराठी शिकविली जात राहिली, पण संस्कृतच्या अंगणात बसून. अन्वय लावा, समास सोडवा, वृत्त ओळखा, अलंकार सांगा, असे तिचे रूप झाले. मोरोपंतांच्या ‘केकावली’वर दादोबा पांडुरंगांनी १८६५ साली ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका लिहिली. ती विद्वत्तेची आहे ह्यात संशय नाही. परंतु शालान्त वर्गात मोरोपंतांचा जो दबदबा दीर्घकाळ राहिला त्याचे एक कारण, माझ्या मते, असे की मोरोपंतांवर प्रश्न काढणे फार सोपे असते. यमक आहे, श्लेष आहे, लांबलचक समास आहेत; परीक्षकाला आणखी काय हवे? तुकोबांच्या अभंगावर काय विचारणार? तो मुलाला कळलेलाच असतो, किंवा जन्मभर कळावयाचा असतो. अशा रीतीने सत्राची आखणी कवीच्या थोरवीपेक्षा प्रश्नपत्रिकेच्या सोयीवर होऊ लागली, आणि हा रोग अजून पुरता गेलेला नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी ह्याविरुद्ध विश्वविद्यालयात चिकाटीने झुंज दिली. मराठी वाङ्मयाच्या वाढीसंबंधी त्यांनी १८९८ साली लिहिलेले टिपण त्याच खटपटीच्या काळातले. रानडे जानेवारी १९०१ मध्ये निवर्तले. त्यांच्या प्रयत्नांना फळ येऊन एम. ए. च्या परीक्षेत मराठीचा प्रवेश झाला तोही त्याच सुमारास.

आता गोमंतकाकडे वळू. ज्या १८५४ साली ‘नवनीत’ निघाले त्याच साली पणजीस लिसेव स्थापन झाले, हा योगायोग मोठा बोलका आहे. लिसेवात पोर्तुगीज साहित्याचा क्रम पद्धतशीर आखलेला असे. मराठीचा क्रम मात्र आखून देणारे सरकार गोव्यात नव्हते. तो समाजाने आखला. शेणैमामाची शाळा कोणाच्या ओसरीवर, देवळाच्या चौकात किंवा अग्रशाळेत भरे; बाराखडी आणि पाढे झाले की पोथीवाचन हाच वरचा वर्ग. मुलाला ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय न अडखळता वाचता आला म्हणजे त्याचे शिक्षण पुरे झाले, अशी घरच्यांची समजूत असे. १९०८ साली पणजीत मुष्टिफंड संस्था उभी राहिली. नावच सांगते की तिचे भांडवल घरोघरच्या मूठभर तांदळांचे. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना समान नागरिकत्वाचा श्वास घेता आला, आणि मराठी शाळा व वाचनालये झपाट्याने निघू लागली. मडगावचे गोमंत विद्या निकेतन १९१२ चे. मराठी साहित्य संमेलन १९३० साली वामन मल्हार जोशी ह्यांच्या अध्यक्षतेखाली मडगावास भरले, ते ह्याच जागृतीचे फळ होय.

मात्र गोव्याचे विद्यार्थी मुंबई विश्वविद्यालयाच्या मॅट्रिकला बसत तेव्हा क्रमिक पुस्तके मुंबई-पुण्याची असत. त्यांत गोव्याच्या मातीतला कवी नव्हता. ह्यात द्वेष नव्हता, अज्ञान होते. केळशीच्या कृष्णदास शामाने भागवताच्या दशम स्कंधाच्या आधारे ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ ओवीबद्ध केली ती १५२६ साली. ज्या केळशीची श्रीशांतादुर्गा पुढे कवळ्यास आणावी लागली तेच हे गाव. साष्टीतील देवळांचा विध्वंस होण्यापूर्वी चाळीस वर्षे हे काव्य रचले गेले; म्हणजे आपल्या भाविकांनी ज्या देवळांच्या केवळ आठवणी जपल्या, ती उभी असतानाचा हा आवाज आहे. गोडबोल्यांना त्याची गंधवार्ताही असणे शक्य नव्हते, कारण त्याची प्रत पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयात जाऊन पडली होती. त्याच संग्रहात कोकणी गद्यातील रामायण-महाभारताच्या कथाही रोमन लिपीत उतरलेल्या आहेत. जेझुइट पाद्र्यांनी लोकांची भाषा व समजुती शिकण्यासाठी ही बाडे तयार करवून घेतली. विचार करण्याजोगी गोष्ट अशी की मराठी आणि कोकणी वाङ्मय शेजारी शेजारी ठेवून अभ्यासण्याची सोय आपल्या भूमीत प्रथम केली ती परक्यांनी, आणि तीही आपल्याला जिंकण्यासाठी! फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) त्याच अभ्यासातून उगवले. त्याची ओवी आपल्या पुराणांच्या ओवीची मुलगी आहे, हे आपण निःशंकपणे सांगावे व शिकवावे.

गोव्याबाहेरच्या जुन्या मराठी वस्त्यांचीही स्थिती फारशी वेगळी नव्हती. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विश्वविद्यालय निघाले ते उर्दू माध्यमाचे. तेथील मराठी मुलांची भाषा जगविली ती १९०७ मध्ये स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीसारख्या लोकसंस्थांनी. बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये उत्तरायुष्यात ग्वाल्हेर-उज्जयिनीकडे गेले, महादजी शिंद्यांच्या दरबारी त्यांनी दाखविलेला बाणेदारपणा प्रसिद्ध आहे. कोकणची पदे माळव्यापर्यंत पोहोचली ती कोणत्याही अभ्यासक्रमाने नव्हे, भजनाने. बेळगावच्या मराठी शाळा १९५६ नंतर दुसऱ्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांखाली आल्या, आणि तेथेही मराठी काव्याचा सलग परिचय घडवावयाचा तो गणपतीच्या मंडपात, हरिनाम सप्ताहात.

मुंबई राज्यात शालान्त परीक्षा विश्वविद्यालयाकडून मंडळाकडे गेली व १९४९ साली पहिली एस. एस. सी. झाली. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला, १९७५ साली गोव्याचे स्वतःचे परीक्षामंडळ आले; अकरावीचा शालान्त वर्ग मोडून दहावी व त्यावरची दोन वर्षे अशी रचना झाली. मंडळे बदलली, पुस्तके रंगीत झाली. पण एका सत्रात डझनभर कवींची प्रत्येकी एक कविता, हा ‘नवनीता’चा साचा टिकला, त्या साच्याला अर्थ देणारी रात्रीची पोथी तेवढी पुष्कळ गावांतून गेली. खिडकी उरली, घर गेले.

म्हणून शेवटच्या वर्गाच्या शिक्षकाने, मंडळाचे पुस्तक सांभाळूनही, सत्राची आखणी थोडी वेगळी करून पाहावी असे सुचवावेसे वाटते. वीस आठवड्यांच्या सत्रात कवितेला आठवड्यास दोन तासिका धरल्या, आणि चतुर्थी, दसरा, चाचणी वजा केली, तर तीसएक तासिका हाती राहतात. त्यांतील निम्म्या एकाच कथेला द्याव्या. द्यूत आणि द्रौपदीची विटंबना हा सभापर्वातील प्रसंग घ्या. तो श्रीधराने ‘पांडवप्रतापा’त सांगितला आहे, मुक्तेश्वराने आपल्या सभापर्वात सांगितला आहे, मोरोपंतांनी आर्याभारतात सांगितला आहे. आरंभ श्रीधरापासून करावा, कारण तो ऐकताच कळतो. सबंध अध्याय मोठ्याने वाचावा, मध्ये टीपा देऊ नयेत. मग मुक्तेश्वर, मग मोरोपंत. तीच सभा, तीच सती, तेच मौन धरून बसलेले वडीलधारे. पण एक कवी भक्ताच्या डोळ्यांनी पाहतो, दुसरा चित्रकाराच्या, तिसरा शब्दांच्या सराफाच्या. सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींना भर सभेतील त्या प्रश्नाचे उत्तर भीष्मांना का देता आले नाही, ह्यावर वाद घालू द्यावा. तो वाद रंगला की समास आपोआप सुटतात.

उरलेल्या तासिकांत तुकोबा आणि ज्ञानोबा, आणि शेवटी गोव्यात कृष्णदास शामा. अलीकडून पलीकडे जाणारा हा क्रम कालानुक्रमाच्या उलट आहे खरा. पण नदी शिकवावयाची तर मुलाला आधी घाटावर नेतात, उगमावर नव्हे. आणि ज्या गावात अजून देवळात पोथी लावली जाते तेथे वाचणाऱ्या वृद्ध गृहस्थांना, किंवा घरी ‘हरिविजय’ वाचणाऱ्या एखाद्या आजींना, श्रावणातल्या एका दुपारी वर्गात बोलवावे. ओवी कोठे थांबते आणि कोठे श्वास घेते, हे त्यांना ठाऊक असते. ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात छापता आलेले नाही.