नैसर्गिक वाईन म्हणजे नेमकं काय? इटलीतली गढूळ पांढरी वाईन चाखायची कशी?

ग्लासात ओतलेली पांढरी वाईन लिंबू सरबतासारखी गढूळ दिसली, तर बाटली खराब निघाली असंच आपल्याला वाटेल. पण इटलीतल्या काही छोट्या द्राक्षबागायतदारांनी ती मुद्दामच तशी ठेवलेली असते. उन्हाळ्यात थंडगार प्यायल्या जाणाऱ्या या वाईनला 'नैसर्गिक वाईन' म्हणतात.

मात्र या शब्दाला युरोपियन युनियनच्या कायद्यात व्याख्या नाही. 'सेंद्रिय' लिहायचं तर प्रमाणपत्र लागतं, 'नैसर्गिक'चं तसं नाही. त्यामुळे लेबलवरच्या शब्दापेक्षा बनवणारा कोण, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे व्हेनेतो प्रांतातलं गाम्बेल्लारा. प्रसिद्ध 'सोआवे' वाईनच्या भागाला लागूनच असलेल्या या गावाची माती ज्वालामुखीची आणि मुख्य द्राक्ष गार्गानेगा. इथले आंजोलिनो माउले आधी पिझ्झेरिया चालवायचे, मग वाईनकडे वळले. त्यांनी २००६ मध्ये 'विननातुर' ही उत्पादकांची संघटना सुरू केली. कायदा नाही म्हणून संघटनेनं स्वतःचेच नियम केले. शिवाय ती सभासदांच्या वाईनमध्ये कीटकनाशकांचे अंश आहेत का, हे प्रयोगशाळेत तपासून घेते. 'आमच्यावर विश्वास ठेवा' म्हणण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

मग यात वेगळं काय असतं? बाहेरून विकत आणलेलं यीस्ट घालत नाहीत. द्राक्षांच्या सालीवर आणि तळघरात असलेल्या यीस्टवरच रस आंबतो. नीरेची ताडी होते, तसंच काहीसं. वाईन सहसा गाळत नाहीत, म्हणून ती गढूळ दिसते. ती टिकावी म्हणून घालायचे सल्फाइट अगदी कमी किंवा शून्य. कोरड्या पांढऱ्या वाईनसाठी युरोपात लिटरला २०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, विननातुरची ५०. बागेत मात्र 'काहीच फवारत नाहीत' असं समजू नका. डाऊनीसाठी नाशिकचा शेतकरी वापरतो ते मोरचूद युरोपातल्या सेंद्रिय बागांनाही चालतं, फक्त त्यावर मर्यादा आहे: सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबं.

आता चव. फ्रिजमधून काढल्या काढल्या पिऊ नका. चार-पाच अंशांवर वासच येत नाही. १० ते १२ अंश योग्य, म्हणजे बाटली थोडा वेळ आधी बाहेर काढून ठेवा (मे महिन्यातल्या मुंबईत हा वेळ फारच थोडा!). गार्गानेगात लिंबाची साल, नाशपाती आणि शेवटी बदामाचा हलका कडवटपणा जाणवतो. तळाचा गाळ हवा असेल तर ओतण्याआधी बाटली हळूच उलटी-सुलटी करा, नको असेल तर उभी ठेवून अलगद ओता.

सगळ्या वेगळ्या चवींना 'नैसर्गिक आहे ना, चालायचंच' म्हणून माफ करायची मात्र गरज नाही. नाकाला झोंबणारा व्हिनेगरचा वास हा दोषच. आणखी एक दोष फसवा असतो. ग्लासात वास येत नाही, पण घोट गिळल्यावर काही सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव मागे राहते. वाईनच्या आंबटपणात हा वास दबलेला असतो आणि लाळेमुळे आंबटपणा कमी झाला की वर येतो. म्हणून पहिल्या घोटानंतर थोडं थांबा.

'नैसर्गिक वाईननं डोकं दुखत नाही' हा दावाही ऐकायला मिळतो. त्यावर विसंबू नका, कारण अल्कोहोल यातही असतंच. आणि कितीही कमी प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

भारतात अशी बाटली घेणार असाल, तर ती दुकानात कुठे ठेवली आहे ते आधी पाहा. सल्फाइट कमी असल्यामुळे उष्णता तिला लवकर बाधते. एसी नसलेल्या दुकानात उन्हाळाभर फळीवर उभी असलेली बाटली, सवलतीत मिळाली तरी, घेऊ नका.