पस्तिशीनंतरचे गर्भारपण : चाळणी चाचणी आणि निदान चाचणी

ब्रिटनमध्ये एनएचएस प्रत्येक गर्भवतीला, तिचे वय काहीही असो, डाउन, एडवर्ड्स व पटाऊ या सिंड्रोमसाठी चाळणी चाचणी देऊ करते. ती ऐच्छिक आहे. वयामुळे बदलते ती शक्यता. डाउन सिंड्रोम असलेले मूल जन्माला येण्याची शक्यता पंचविशीतल्या आईबाबत साधारण १,२५० त १, पस्तिशीत ३५० त १ आणि चाळिशीत १०० त १ असते. येथे मोजायचे ते बीजांडाचे वय. तेहतिसाव्या वर्षी गोठवलेले बीजांड एकोणचाळिसाव्या वर्षी वापरले, तर हिशेब तेहतीसचाच. दात्या स्त्रीचे बीजांड असेल तर वय तिचे धरावे. दाईला हे आपणहून सांगणे आवश्यक आहे.

अकराव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यानच्या संयुक्त चाचणीत सोनोग्राफीने गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजतात आणि आईचे रक्त तपासतात. ही वेळ टळल्यास विसाव्या आठवड्यापर्यंत रक्ताची चौपदरी चाचणी होते. मात्र ती डाउन सिंड्रोमपुरतीच असते. उत्तर १५० त १ किंवा त्याहून अधिक शक्यतेचे आले, तर तीन मार्ग उरतात: पुढे काहीही न करणे, एनआयपीटी करणे, किंवा थेट निदान चाचणी.

एनआयपीटीत आईच्या रक्तात मिसळलेल्या, वारेतून आलेल्या डीएनएचे विश्लेषण होते. ही चाचणी अचूक असली तरी निदान नव्हे, आणि सुशिक्षितांचीही गफलत होते ती येथेच. समजा, डाउन सिंड्रोमसाठी ही चाचणी हजार निरोगी गर्भांपैकी एकाबाबत चुकीचा इशारा देते. चाळिशीतल्या १०,००० गर्भवतींपैकी सुमारे १०० गर्भांत हा सिंड्रोम असेल. चुकीचे इशारे जेमतेम १०. पंचविशीतल्या १०,००० जणींत खरे ८ आणि चुकीचे पुन्हा १०! म्हणजे तोच अहवाल थोरल्या बहिणीबाबत बहुधा खरा ठरेल, धाकटीबाबत निम्म्याहून अधिक वेळा खोटा. तरीही केवळ त्याच्या आधारे गर्भपाताचा निर्णय कोणत्याही वयात घेऊ नये.

निश्चित उत्तर निदान चाचणीच देते. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेच्या पेशींचा नमुना घेता येतो. पंधराव्या आठवड्यापासून गर्भजल परीक्षण करता येते. एनएचएसच्या माहितीनुसार यामुळे गर्भपात होण्याचा धोका २०० त १ हूनही कमी आहे. प्राथमिक निष्कर्ष साधारण तीन कामकाजी दिवसांत मिळतो.

‘गर्भजल परीक्षा’ हा शब्द आपल्या घरांत अजूनही दबक्या आवाजात उच्चारला जातो. ऐंशीच्या दशकात लिंगनिवडीसाठी झालेल्या गैरवापराने तो बदनाम झाला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. १९९४ मध्ये देशव्यापी कायदा आला. त्या कायद्यानुसार पस्तिशीवरील गर्भवतीची निदान चाचणी नोंदणीकृत केंद्रात होऊ शकते. गर्भाचे लिंग सांगण्यास मात्र सक्त मनाई आहे. बाळंतपणासाठी पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चाचणीची तारीख घेण्यापूर्वी नवरा-बायकोने एका प्रश्नावर बोलून घ्यावे: उत्तर प्रतिकूल आले तर आपण काय करू? गर्भ ठेवायचाच, असे ठरले असले तरी निदानाचा उपयोग आहे. बाळाच्या हृदयाची तपासणी आणि प्रसूतीचे रुग्णालय आधी ठरवता येते. काहींना मात्र ते आधी कळूच नये असे वाटते, आणि एनएचएसमध्ये तसे सांगण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. निर्णय अवघड वाटल्यास ‘अँटिनेटल रिझल्ट्स अँड चॉइसेस’ ही धर्मादाय संस्था ब्रिटनमध्ये दूरध्वनीवरून मार्गदर्शन करते.