चौकोनांची कुळकथा

व्हीसीडी अडकू लागली की पडद्यावर आधी चौकोन उमटतात. नायिकेच्या गालावर एखादा, मग साडीच्या काठावर चार-सहा, मग अख्खी आडवी पट्टीच ठिगळांची. आवाज चिरकतो, चित्र थबकतं आणि अर्ध्या सेकंदात पुन्हा पुढे चालू लागतं. २००० सालच्या आगेमागे चेन्नईत ज्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमे पाहिले त्यांना हे पाठ आहे. बदलीवर तिकडे गेलेल्या आणि पुण्याहून नाटकांच्या सीडी सोबत नेलेल्या मराठी घरांनाही. व्हिडिओ कॅसेट खराब झाली की रेघा यायच्या, मुंग्या यायच्या. चौकोन कधी आले नाहीत. ते आले कुठून हे कळलं, तर बिघाड कुठे आहे हेही बरंचसं कळतं.

या चौकोनांच्या वंशावळीचं एक टोक चेन्नईतच सापडतं. गिंडीचं इंजिनिअरिंग कॉलेज हे १७९४ साली मद्रासमध्ये जमीनमोजणी शिकवायला निघालेल्या शाळेचं वाढलेलं रूप. तिथून १९५२ साली कामिसेट्टी राममोहन राव पदवी घेऊन बाहेर पडले, अमेरिकेला गेले आणि १९६६ साली न्यू मेक्सिको विद्यापीठातून पीएच.डी. झाले. त्याच वर्षी, त्याच विद्यापीठातून पीएच.डी. झालेले दुसरे गृहस्थ म्हणजे बंगळूरचे नासिर अहमद.

अहमद पुढे कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवू लागले. चित्रातली माहिती कमीत कमी आकड्यांत कशी मावेल, हा त्यांचा ध्यास. कोसाइन लाटांचा उपयोग करून पाहावा म्हणून १९७२ साली त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. ते नाकारलं गेलं. एका परीक्षकाला कल्पना फारच साधी वाटली होती. अहमदांचा पगार वर्षातले नऊच महिने मिळायचा. १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांनी पगाराविना हे काम केलं. सोबत त्यांचा पीएच.डी.चा विद्यार्थी टी. नटराजन आणि तेव्हा टेक्ससमधल्या आर्लिंग्टनला असलेले गिंडीचे राव. जानेवारी १९७४ मध्ये तिघांच्या नावाने चार पानांचा निबंध छापून आला: ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’, म्हणजे डीसीटी. आज फोनमध्ये साठवलेल्या जवळजवळ प्रत्येक जेपेग फोटोमागे हीच चार पानं आहेत. ज्या साधेपणासाठी अनुदान नाकारलं तोच या कल्पनेचा मोठा गुण ठरला, कारण पुढे स्वस्तातल्या स्वस्त चिपलाही ते गणित झेपलं.

गणित असं. चित्रातला आठ बाय आठ ठिपक्यांचा चौकोन घ्यायचा (हा आकार पुढच्या मानकांनी पक्का केला). त्यातल्या चौसष्ट ठिपक्यांचा उजेड म्हणजे चौसष्ट आकडे. कोसाइन लाटांच्या मदतीने त्यांचे दुसरे चौसष्ट आकडे करायचे. पहिला सांगतो चौकोन एकंदरीत किती उजळ आहे; पुढचे सांगतात तो उजेड आडवा-उभा किती भरभर बदलतो. खऱ्या चित्रात शेजारचे ठिपके बहुधा एकमेकांसारखेच असतात, त्यामुळे सगळा ऐवज सुरुवातीच्या मोजक्या आकड्यांत गोळा होतो. उरलेले शून्याच्या आसपास. ते टाकून दिले तरी डोळ्याला फारशी उणीव भासत नाही.

मे १९८८ मध्ये ओटावात एमपेग या गटाची पहिली बैठक झाली. लिओनार्दो किआरिल्योने तिचे प्रमुख. हलतं चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सुमारे पंधरा लाख बिटांत बसवायचे, असं पहिलं उद्दिष्ट. कारण गाण्याच्या साध्या सीडीतून माहिती जवळपास त्याच वेगाने वाचली जाते. त्यातून आलेल्या, डीसीटीच्या याच चौकोनांवर बेतलेल्या एमपेग-१ वर १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी व्हीसीडीचं मानक ठरवलं. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चित्रं. आहे तसं ठेवायचं तर सेकंदाला तीन कोटींवर बिट लागले असते. व्हीसीडीत चित्राच्या वाट्याला येतात साडेअकरा लाख.

अमेरिकेने व्हीसीडीकडे पाठ फिरवली, आशियाने ती उचलली. चीनमधल्या हफेई शहरात १९९३ साली ‘वानयान’ नावाचा पहिला घरगुती प्लेअर तयार झाला. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत कॅसेटच्या टेपला बुरशी धरते. सीडीला ती भीती कमी. चेन्नईत बीच स्टेशनजवळच्या बर्मा बाझारात चोरट्या सीडींचे ढीग लागले, आणि त्या चालवायला लागणारे ड्राइव्ह, केबल, साउंड कार्ड अण्णा सालईलगतच्या रिची स्ट्रीटवर मिळू लागले. तमिळ सिनेमावाल्यांनी इतका आक्रोश केला की २००४ साली तमिळनाडूने आपल्या गुंडाविरोधी कायद्यात व्हिडिओ चोरांनाही बसवलं. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. माझ्या मते चोरीला खरं उत्तर हेच होतं. त्या किमतीत स्वच्छ छापलेली सीडी मिळत असताना फुटपाथवरची, घाईघाईत जाळलेली, पहिल्याच दिवशी अडकणारी सीडी कोण घेईल?

आता पुन्हा चौकोनांकडे. एमपेगमध्ये प्रत्येक चित्र पूर्ण नोंदलेलं नसतं. साधारण अर्ध्या सेकंदातून एक चित्र संपूर्ण असतं. मधली चित्रं ‘मागच्यापेक्षा किंवा पुढच्यापेक्षा काय बदललं’ एवढंच सांगतात. वाचताना मध्येच काही बिट गळाले, तर पुढचा आकडा कुठून सुरू होतो हेच कॉम्प्युटरला उमगत नाही आणि पुढची खूण येईपर्यंतची पट्टी बिघडते. मधली चित्रं त्या बिघडलेल्या पट्टीवरच रचली जातात. पुढचं संपूर्ण चित्र आलं की सगळं साफ. चौकोन दिसले, तर माहिती कॉम्प्युटरपर्यंत नीट पोचलेली नाही असं धरून चालायला हरकत नाही. दोष सीडीचा, नाहीतर ड्राइव्हच्या धुळकट भिंगाचा.

व्हीसीडी या बाबतीत मुळातच नाजूक. कॉम्प्युटरच्या डेटा सीडीवर चुका दुरुस्त करणाऱ्या आकड्यांचा एक जादा थर असतो; व्हीसीडीत जागा वाचवायला चित्राच्या भागातून तो काढून टाकला. प्रत्येक सेक्टरमध्ये २,०४८ ऐवजी २,३२४ बाइट मावले आणि तेवढं संरक्षण गेलं. उरलेली दुरुस्ती छोटा खंड भरून काढते, लांब खंड नाही. माहितीची वाट सीडीवर गोल फिरत जाते, म्हणून पुसताना मधून कडेकडे सरळ पुसावं. गोल पुसताना पडलेला ओरखडा त्या वाटेवरूनच लांबवर धावतो. आणि सीडी लेबलाच्या बाजूला जास्त जपावी, कारण चमकता थर तिकडे अगदी वर, वार्निशाच्या पातळ पापुद्र्याखाली असतो.

चित्र स्वच्छ आहे, चौकोन एकही नाही, पण माणसं गचके खात चालतात आणि आवाज पुढे पळतो? मग माहिती पोचली आहे, प्रोसेसरला ती वेळेत उलगडता येत नाही. मागे चालणारे प्रोग्राम बंद करावेत, डिस्प्ले कार्डाचा ड्रायव्हर तपासावा.

विंडोज एक्सपीच्या काळातला एक दोष मात्र या दोन्हींच्या मधला होता, आणि पुष्कळ ड्राइव्ह त्यापायी उगीच बदलले गेले असतील. ड्राइव्हमधली माहिती प्रोसेसरला न गुंतवता थेट मेमरीत जाते, त्या पद्धतीला डीएमए म्हणतात. ओरखडलेली सीडी वाचताना अशा देवघेवीत चुका साचून सहा झाल्या, की विंडोज तो वेग एकेक पायरी खाली आणी आणि शेवटी पीआयओवर येई, म्हणजे प्रत्येक तुकडा प्रोसेसरने स्वतः उचलायचा. ती नोंद कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला तरी राही. मग कोरी करकरीत डीव्हीडी घातली तरी चित्र गचके खाई आणि माउसचा बाणही जड होई. गुन्हा जुन्या सीडीचा, शिक्षा नव्या डीव्हीडीला. उपाय फुकटचा होता: डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्या आयडीई चॅनेलची नोंद काढायची आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा. विंडोज तो चॅनेल नव्याने ओळखी आणि डीएमए परत येई.

घरात अजून व्हीसीडी असतील तर त्या आताच उतरवून घ्याव्यात. सीडीवर ‘एमपेगएव्ही’ नावाचा फोल्डर असतो, त्यातली डॅट फाइल म्हणजे चित्रपट. विंडोजमधून ती सरळ कॉपी करताना एखाद्या ओरखड्यापाशी सगळी कॉपीच थांबते, म्हणून खराब सेक्टर वगळून पुढे जाणारा प्रोग्राम वापरावा आणि ड्राइव्ह शक्य तितका हळू फिरवावा. उतरवलेली फाइल व्हीएलसीमध्ये चालते. जिथे वाचता आलं नाही तिथे चौकोन येतील, पण पुढचं नाटक हाती लागेल.