बहुमत जमेपर्यंत मौन

१/ वीज जाऊन पाचही सर्व्हर बंद पडले. पुढे दोन जागे झाले. माहितीच्या प्रती हाताशी असूनही ते नवी नोंद स्वीकारत नाहीत. या संयमाचे मूळ आठ वर्षे अप्रकाशित राहिलेल्या एका निबंधात आहे.

२/ १९९० मध्ये प्रसिद्धीसाठी पाठवलेल्या या निबंधात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पॅक्सोस या ग्रीक बेटावर एक काल्पनिक संसद कल्पिली होती. तेथील सभासद मनाला येईल तेव्हा सभागृह सोडत. परंतु प्रत्येकाची नोंदवही न पुसणाऱ्या शाईची असे.

३/ ठराव बहुमतानेच संमत होई. पाचांतील कोणत्याही दोन बहुमतांत किमान एक सभासद समान असतो. म्हणून तिघे परतले की संमत ठरावाची खूण त्यांच्यात सापडतेच. दोघेच परतले, तर तो उरलेल्या तिघांच्याच वह्यांत असू शकतो; एखाद्याने भरलेले पैसे असेच हरवतील.

४/ परीक्षकांना हे रूपक नको होते. लॅम्पोर्ट यांनी निबंध तसाच ठेवला. तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

५/ २०१४ मध्ये डिएगो ओंगारो व जॉन ओस्टरहाउट यांनी ‘राफ्ट’ ही सुगम पद्धत मांडली. तीत आपल्याहून मागे राहिलेल्या वहीच्या उमेदवाराला सर्व्हर नेतेपदासाठी मत देत नाही. जागे होणे एकट्याला साधते. खरे काय घडले, हे सांगण्यास बहुमत लागते.