गिऱ्हाणाचं दान

आमच्या थोरल्या काकांचा जन्मदाखला कुठेच नाही. आजी त्यांचं वय ग्रहणावरून सांगायची : “भर दुपारी गिऱ्हाण लागलं, तवा ह्यो पोटात होता.” हिशोब केला की १४ डिसेंबर १९५५ निघतो. विसाव्या शतकातलं सगळ्यात लांब कंकणाकृती ग्रहण ते. चंद्र पृथ्वीपासून दूर होता, त्याची चकती सूर्याला पुरी पडली नाही, आणि मालदीवजवळ सूर्याची बांगडी १२ मिनिटं ९ सेकंद टिकली. आमच्या नांदेड-लातूरकडे नुसता कड खाल्लेला सूर्य. नांदेड तेव्हा हैदराबाद राज्यात, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका.

आजीनं तर तेवढंही पाहिलं नाही. पोटुशी म्हणून तिला अंधाऱ्या खोलीत बसवलेलं. विळीला हात लावायचा नाही, सुई धरायची नाही. तिचं सगळं ग्रहण कानांनी झालं. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं गल्लीत आली : “दे दान, सुटे गिऱ्हाण!” सासूबाईंनी उंबऱ्याच्या आतूनच सूप तिरपं केलं, बाहेरच्यानं पसरलेल्या पटकुरात जोंधळे पडले. जे सांडले ते त्यानं वेचून घेतले. आजी हे पुण्य म्हणून सांगायची.

ग्रहणातलं दान या मुलखाला नवं नाही. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे, म्हणजे लातूरचे, स्वामी म्हणवत. कंधारच्या ‘जगत्तुंग समुद्र’ या तलावाला ज्याचं बिरुद चिकटलंय, त्या गोविंद तिसऱ्याचा ताम्रपट पैठणला सापडला. शके ७१६, वैशाख अमावस्या. ४ मे ७९४. सूर्यग्रहणाचं पर्व साधून राजानं ब्राह्मणांना गाव दिलं. ग्रहण कसं दिसलं, याच्याशी ताम्रपटाला देणंघेणं नाही. गाव कुणाला मिळालं ते मात्र तांब्यावर कोरलंय. सुपातल्या जोंधळ्यांची नोंद कोण ठेवणार?

२६ डिसेंबर २०१९ चं कंकण केरळ-कर्नाटकातून गेलं, आणि आलं ते नेमकं येळवशीला, शेतात पंगती बसायच्या अमावस्येला. लातूरकडच्या माणसाला याहून मोठा पेच कुठला? एकीकडे वेध, दुसरीकडे शेतातल्या कोपीपाशी भज्जीचं भांडं आणि आंबिलीचा मटका. आमच्यातल्या जुन्यांनी अकराच्या सुमारास ग्रहण सुटेपर्यंत कळ काढली. पोरांनी आधीच उंडे लंपास केले. त्या पंगतीत शेजारच्या शेतातले एक तात्या होते. वस्तीतलेच, आता स्वतःची चार एकर राखून असलेले. आजीची गोष्ट मी त्यांना भीत भीत सांगितली.

“पटकूर माझ्या बापाचं असंल,” ते म्हणाले, आणि भज्जीत भाकरी चुरत राहिले.

मग पुढचं त्यांनी सांगितलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि वस्तीनं ठरवलं, आता मागायला जायचं नाही. १९ एप्रिल १९५८ ला सकाळी परत ग्रहण लागलं. तेही कंकणाकृतीच, आपल्याकडे खंडग्रास. गल्लीत आरोळी आली नाही. बायका सुपं भरून थांबल्या होत्या म्हणे.

“बाप मालकाच्या रानात नांगर धराया गेला. मालक घरात, वेध पाळीत. म्हणला, गिऱ्हाणात औत धरू नये, घरी जा. बाप म्हणला, जातो की. पर आजचा रोज?”

“दिला का?”

“संध्याकाळी. बापानं वाड्यावर जाऊन मागून घेतला.”