ग्रीनलंडच्या बर्फातील रोमचे शिसे

१/ इ.स.पूर्व पहिल्या शतकात स्पेनच्या नैऋत्य भागात, रिओ टिंटोच्या खाणींपाशी, चांदी गाळणाऱ्या भट्ट्या धगधगत होत्या. त्यांच्या धुरातील शिशाचे कण वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर गेले, ग्रीनलंडच्या निर्मनुष्य हिमपठारावर उतरले आणि तेथेच गोठले. रोमच्या इतिहासकारांनी या धुराचा हिशेब ठेवला नाही. बर्फाने तो ठेवला.

२/ हवेत गेलेले कण हवेत कायमचे राहत नाहीत. धूळ, काजळी, धातूंचे सूक्ष्म कण कधी पावसाबरोबर वा हिमाबरोबर, तर कधी कोरडेच जमिनीवर आणि पाण्यावर उतरतात. यालाच वातावरणीय निक्षेपण म्हणतात. शेतात वा समुद्रात ते मिसळून जाते. ध्रुवीय प्रदेशात मात्र यंदाचे हिम गतवर्षीच्या हिमावर साचते, दबते आणि त्याचा बर्फ होतो. तेथे थर मोजत खाली जाणे म्हणजे वर्षे मोजत मागे जाणे होय.

३/ शिसेच का? कारण रोमन काळातील बरीचशी चांदी शिशाच्या खनिजातून निघे. खनिज वितळवून चांदीमिश्रित शिसे मिळवीत. मग ते हवेच्या झोतात तापवीत. शिशाचे ऑक्साइड होऊन ते वेगळे होई आणि चांदी मागे उरे. या खटाटोपात शिशाचा काही अंश धुरावाटे निसटे. म्हणून शिशाचा धूर हा चांदीचा, आणि पर्यायाने नाण्यांचा, माग ठरतो.

४/ ही नाणी भारताच्या किनाऱ्यालाही लागत. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ भडोच बंदरात उतरणाऱ्या सोन्याचांदीच्या रोमन नाण्यांचा उल्लेख करतो. सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावेही त्याच ग्रंथात आहेत.

५/ १९९४ साली ग्रीनलंडच्या बर्फाच्या विश्लेषणातून दिसले, की सुमारे इ.स.पूर्व ५०० ते इ.स. ३०० या काळात शिशाचे प्रमाण नैसर्गिक पातळीच्या चौपट झाले होते. १९९७ साली शिशाच्या समस्थानिकांवरून त्याचा उगमही शोधण्यात आला. इ.स.पूर्व १५० ते इ.स. ५० या काळातील सुमारे ७० टक्के शिसे रिओ टिंटोच्या परिसरातील होते.

६/ २०१८ साली इ.स.पूर्व ११०० ते इ.स. ८०० या काळाचा अधिक बारकाईचा आलेख प्रसिद्ध झाला. फिनिशियन व्यापाऱ्यांच्या विस्ताराबरोबर तो चढतो, रोमन शांततेच्या काळात शिखर गाठतो आणि इ.स. १६५ च्या सुमारास आलेल्या अँटोनाइन साथीनंतर कोसळतो. पुढे पाचशेहून अधिक वर्षे ती उंची पुन्हा गाठली गेली नाही.

७/ येथे एक सावधगिरी हवी. बर्फ धूर मोजतो, समृद्धी नव्हे. त्या खाणींत राबणाऱ्या गुलामांचे आयुष्य कोणत्याही थरात सापडत नाही. त्यासाठी शिलालेख, ग्रंथ आणि उत्खनन यांच्याकडेच वळावे लागते.

८/ आता आल्प्स पर्वतात, चौदाव्या शतकात. स्वित्झर्लंड व इटलीच्या सीमेवरील कोल्ले न्यिफेत्ती या हिमनदीच्या बर्फावरील संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. गेल्या सुमारे दोन हजार वर्षांत तेथे शिशाची नोंद जवळजवळ अखंड आहे. फक्त १३४९ ते १३५३ या काळात ती मोजण्याजोगीही उरत नाही. ही काळ्या मृत्यूची वर्षे. माणसे मेली, खाणी ओस पडल्या, भट्ट्या विझल्या.

९/ या चार वर्षांच्या शांततेचे महत्त्व कळण्यासाठी विसाव्या शतकात यावे लागते. १९२३ पासून अमेरिकेत शिसेयुक्त पेट्रोल विकले जाऊ लागले. त्या उद्योगाच्या अर्थसाहाय्याने संशोधन करणारे रॉबर्ट केहो यांचा युक्तिवाद असा होता, की मानवी शरीरात थोडे शिसे असणे नैसर्गिकच आहे आणि ठरावीक मर्यादेपर्यंत ते निरुपद्रवी आहे. अनेक दशके तो प्रमाण मानला गेला.

१०/ त्याला आव्हान दिले क्लेअर पॅटरसन यांनी. शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवणारे हेच ते शास्त्रज्ञ. मोजमाप करताना प्रयोगशाळेतील धुळीतही त्यांना शिसे आढळत राहिले. १९६५ साली त्यांनी मांडले, की सर्वांमध्ये आढळते ते सर्वसामान्य असेल, पण म्हणून ते नैसर्गिक ठरत नाही. १९६९ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी ग्रीनलंडचा पुरावा पुढे ठेवला. इ.स.पूर्व ८०० च्या तुलनेत शिसे २०० पटींहून अधिक वाढले होते आणि सर्वांत तीव्र वाढ १९४० नंतरची होती.

११/ पॅटरसन यांचे निधन डिसेंबर १९९५ मध्ये झाले. १ जानेवारी १९९६ पासून अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर पूर्ण बंदी आली. भारतात ते २००० साली बंद झाले आणि सर्वांत शेवटी अल्जीरियात, २०२१ साली. बर्फाने याचीही नोंद घेतली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या सुमारे वीस वर्षांत ग्रीनलंडच्या हिमातील शिसे साडेसात पटींनी घटल्याचे १९९१ साली दिसून आले.

१२/ युरोपच्या हवेतील शिसे चौदाव्या शतकात नाहीसे झाले, कारण भट्टी पेटवायला माणसेच उरली नव्हती. विसाव्या शतकात ते घटले तेव्हा गाड्या रस्त्यावर धावतच होत्या. बदलले होते ते फक्त पेट्रोल.